राहेलमावशींचा उपास

"सर्दी झालीय का तुम्हाला?" वाघचौरेसाहेबांनी विचारलं.

मी नाकावरचा रुमाल काढला नाही. "नाही. वास येतोय."

"कसला?"

मला वाटलं, माणूस चेष्टा करतोय. पण नाही. त्यांनी खरोखर मान वर केली, दोन-तीनदा नाक फुरफुरवलं, फाटकापासून व्हरांड्यापर्यंतची हवा हुंगून पाहिली आणि निर्मळ चेहऱ्याने म्हणाले, "मला तर काहीच येत नाही बुवा. चला, आधी चहा घ्या."

वास मुताचा होता, ओल्या गोधड्यांचा होता, आणि त्याखाली आणखी एक जडसर, गोडूस वास होता, ज्याचं नाव घ्यायलाही मला तोंड उघडायचं नव्हतं. फाटकावर मात्र छान निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'विसावा सदन'. म्हातारपणी कोणी नसलेल्या आमच्या मिशनच्या माणसांसाठी हे घर होतं. शाळेचे जुने मास्तर, दवाखान्यातल्या जुन्या आया, खेडोपाडी शुभवर्तमान सांगत फिरलेल्या बायबल-बाया. दौलत वाघचौरे तिथले व्यवस्थापक. पांढराशुभ्र सदरा, तेल लावून चापून बसवलेले केस, खिशात बायबलचा नवा करार. नगर जिल्ह्यातल्या सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांत त्यांच्या सेवेचा दाखला देत असत.

वास हा माझ्या पोटापाण्याचा विषय होता. मी तेव्हा पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगला होतो. खोल्या, चादरी, न्हाणीघरं, संडास, सगळं माझ्याकडे. पाहुणा शिरण्याआधी मी खोलीत शिरायचो, दाराच्या वरच्या कडेवरून बोट फिरवायचो, कमोडमध्ये वाकून बघायचो, उशी हुंगायचो. हाताखालची मंडळी मला पाठीमागे 'नाकाडे' म्हणायची. मला त्याचं काही वाटत नसे. घाण दिसली की माझं डोकं फिरायचं आणि ती जाईपर्यंत ठिकाणावर येत नसे. लहानपणापासून मी असाच.

आईला या नोकरीची लाज वाटायची. मी पोटात असताना तिने प्रभूला शब्द दिला होता, मुलगा झाला तर तुझ्या सेवेला देईन. बायबलातल्या शमुवेलाला त्याच्या आईने असंच देवाला वाहिलं होतं, म्हणून मी शमुवेल साबळे. मंडळीतल्या बाया मला बघून "आमचे पाळकसाहेब आले" म्हणायच्या, तेव्हा पाळकसाहेबांच्या नाकाला शेंबूड असायचा. मोठा झाल्यावर आईने मला पाळक, म्हणजे पाद्री, व्हायला सेमिनरीत घातलं. एक सत्र कसंबसं काढून मी परत आलो. आईला सांगितलं, ग्रीक जमत नाही. ग्रीक जमत होतं. तिथलं न्हाणीघर जमत नव्हतं.

"शास्त्रातल्या शमुवेलाला देवाने हाक मारली," आई म्हणायची, "आणि माझा शमुवेल काय ऐकतो? फ्लशचा आवाज."

त्या वर्षी मला एका परदेशी प्रवासी जहाजावर नोकरी मिळाली. आई आधी रडली, मग तिने अट घातली. "जायच्या आधी राहेलमावशींकडे जा. त्यांच्याकडून प्रार्थना करून घे. त्यांचा मोठा उपास चालू आहे. अशा वेळी त्यांनी मागितलेलं फुकट जात नाही म्हणतात. त्या म्हणाल्या जा, तर जा. मी अडवणार नाही."

राहेलमावशी हिवाळे म्हणजे आमच्या भागातली शेवटची बायबल-बाई. आईला अक्षरओळख त्यांनीच करून दिली होती. त्यांच्या उपासाची खबर सगळ्या मंडळ्यांत पसरली होती. दिवसाला कपभर चहा, फार तर वाटीभर पेज, एवढ्यावर म्हातारी बसून आहे आणि लोकांसाठी देवाकडे मध्यस्थी करते आहे, असं बोललं जायचं. रविवारी विसावा सदनातच त्या उपासाची सांगता व्हायची होती. मी शुक्रवारी दुपारी पोचलो. आईच्या मनाचं समाधान करायचं, डोक्यावर हात ठेवून घ्यायचा आणि रविवारी दुपारची एसटी पकडायची, एवढाच माझा बेत होता.

मावशी व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. अंगावर कोणी पाहुण्याने पांघरलेली शाल, एवढ्या उन्हाळ्यात. मनगट माझ्या दोन बोटांत मावलं असतं. ओठांच्या कडा फुटलेल्या, पावलं सुजलेली. समोर एक बाई गुडघे टेकून सुनेच्या तब्येतीसाठी प्रार्थना करून घेत होती.

"मार्थाचा शमू ना तू?" ती बाई गेल्यावर त्या म्हणाल्या. "ये, बस. तोंड का असं केलंस?"

"काही नाही, मावशी. प्रवासाने."

त्यांनी माझ्या हातातल्या रुमालाकडे पाहिलं.

दुपारचं जेवण मी टाळलं. ताटाच्या कडेला जुन्या हळदीचा पिवळा वेढा होता आणि वाढणाऱ्या बाईचा अंगठा वरणात बुडाला होता. तरीही कदाचित डोळे मिटून जेवलो असतो. पण त्याआधी मी 'तिकडे' जाऊन आलो होतो.

अंगणाच्या टोकाला पत्र्याच्या दाराचे संडास होते. दारं खालून गंजाने खाल्लेली, कडी नाही, दार आतून हाताने ओढून धरायचं. जमिनीवर काळपट पाणी साचलेलं. भांडं कधीकाळी पांढरं असावं. तुंबलेलं होतं, आणि त्यात जे वर आलं होतं ते किती दिवसांचं होतं देव जाणे. पिंपात पाणी होतं, पाण्यात अळ्या वळवळत होत्या, आणि त्यावर एक लाल मग तरंगत होता. मगाची कड बुळबुळीत. मी आत एक पाऊल टाकलं आणि बुटाखाली काहीतरी सरकलं. बाहेर येऊन मी कुंपणाशी ओकलो. ओकताना माझ्या मनात देवाधर्माचं काहीही नव्हतं. फक्त राग होता. इथे ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्या बायका रोज येतात, गुडघे वाकवतात, भिंतीला हात लावतात. आणि फाटकावर निळ्या अक्षरांत 'विसावा'.

तोंड पुसून वळलो तर शेजारीच दुसरी इमारत दिसली. नवी, गुलाबी रंगाची. पलीकडच्या खिडकीतून आत बघितलं. पांढऱ्या फरशा, बसायचे कमोड, बाजूला धरायला स्टीलचे दांडे. म्हाताऱ्यांसाठी हवे तसे संडास, आणि सगळ्या दारांना कुलपं. दारांवरून आडवी लाल फीत बांधलेली. भिंतीत संगमरवरी पाटी, तिच्यावर पडदा. आत कमोडवर नाताळची चांदणी, लाउडस्पीकर आणि गव्हाणीच्या देखाव्यातली मेंढरं ठेवलेली.

"हे काय आहे?" मी वाघचौऱ्यांना विचारलं.

"संडास!" ते अभिमानाने म्हणाले. "परदेशातल्या मंडळीने बांधून दिले. समर्पण व्हायचंय."

"संडासाचं?"

"म्हणजे काय! वास्तू प्रभूची आहे. मोठे साहेब येणार, फीत कापणार, प्रार्थना होणार, देणगीदारही येणार. साहेबांची तारीखच मिळत नाही. गेल्या नाताळापासून थांबलोय."

"तोपर्यंत माणसांनी कुठे जायचं?"

"आहेत ना जुने." त्यांनी पत्र्याच्या दारांकडे हात केला. "साबळे, पाहुण्यांनी फीत कापायची आणि आत वापरलेला संडास बघायचा का? बरं दिसेल?"

मला त्या माणसाच्या स्वच्छ सदऱ्याची किळस आली. शब्द जपून वापरतोय असं नाही, किळसच. आणि सगळ्यात वाईट हे की तो माणूस लबाड नव्हता. पगार अपुरा, माणसं अपुरी, तरी तो पहाटे उठून आजाऱ्यांपाशी गाणी म्हणायचा, मेलेल्यांना खांदा द्यायचा. त्याला खरोखरच वास येत नव्हता.

"तुम्हाला इथे किळस येत नाही कधी?" मी विचारलं.

"सुरुवातीला यायची." ते हसले. "मग सवय झाली. प्रभूच्या सेवेत नाक बाजूला ठेवावं लागतं."

संध्याकाळी घंटा झाली. सगळी म्हातारी मंडळी भोजनगृहात ओळीने बसली. मावशी भिंतीशी, आपल्या मानाच्या खुर्चीवर. त्यांच्यापुढे ताट नव्हतंच. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि वाढणाऱ्या बाईला हाताने नको म्हटलं.

वाघचौरे लगबगीने आले. "जेवणार नाही? दुपारीही नव्हतात!" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "धरलात? मला वाटलंच. या जागेचा प्रभावच तसा आहे."

"अहो नाही, मला फक्त भूक..."

"नम्रता, नम्रता!" त्यांनी टाळी वाजवली. "मंडळी, पुण्याहून आलेल्या आपल्या बंधूंनीही मावशींना उपासात साथ दिली आहे!"

म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यातून कोणीतरी हालेलुया म्हटलं. पोटात भुकेने कावळे ओरडत होते आणि मी भोजनगृहात संत होऊन बसलो होतो.

टाळ्या थांबून सगळे जेवायला लागले तेव्हा मावशी हळूच माझ्याकडे कलल्या. "खरंच धरलास?"

"छे हो."

"मग जेवत का नाहीस?"

मी चिडलेला होतो. म्हातारीशी काय बोलावं याचं भान राहिलं नाही. "खरं सांगू? रागावू नका. जेवलं की तिकडे जावं लागतं. आणि तिकडे मी मेलो तरी परत जाणार नाही."

मावशींनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग पदर तोंडाशी नेला. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, म्हातारी दुखावली. पण त्या हसत होत्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, हसू थांबलं आणि पाणी मात्र येत राहिलं.

"अगं बाई," त्या पुटपुटल्या. "म्हणजे आपण दोघं एकाच उपासाला बसलोय."

मला कळायला एक क्षण लागला. कळलं तेव्हा पोटातली भूकच मेली.

"मावशी, तुम्ही..."

"हळू बोल." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. चमच्यांचा आणि भांड्यांचा आवाज चालू होता. "मी उपास धरलाय असं मी कधी म्हटलं का रे? एके दिवशी ताट परत पाठवलं. दुसऱ्या दिवशीही पाठवलं. दौलत म्हणाला, मावशी, उपास का? मी काय सांगणार होते बाप्याला? गप्प राहिले. त्याने संध्याकाळच्या प्रार्थनेत जाहीर करून टाकलं. रविवारी माणसं आली. कोणाच्या पोराला नोकरी लागली म्हणे माझ्या प्रार्थनेने. मग शाली यायला लागल्या."

"तेव्हाच सांगायचं होतं."

"काय सांगू? गावोगाव पायी फिरून बायांना सांगितलं, प्रभू सगळं धुतो. आता म्हणू, प्रभू सगळं धुतो पण बाबांनो, संडास कोणी धुता का?" त्यांनी पदराने डोळे पुसले. "लाज वाटते रे. या वयात एवढंच मागायचं तर लाज वाटते."

"बाकीच्या बाया कशा जातात?"

"त्यांना सवय झाली. मलाच होईना. मीही जात होते की, ओढत होते दिवस. मग शिलंगणाच्या सुमाराला घसरले तिथे. पडू नये म्हणून हात टेकला." त्यांनी उजवा हात उलटा करून मांडीवर ठेवला. "कशात टेकला ते तुला सांगत नाही. मनगटापर्यंत गेला. राखेने घासला, साबणाने घासला, लिंबू चोळलं. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं. पाळकांनी भाकर हातावर ठेवली आणि मला ती तोंडाशी नेववेना. प्रभूचं शरीर ते! या हाताने कसं नेऊ? पदरात बांधून ठेवली आणि नंतर झाडाखाली पुरली. त्या दिवसापासून घास उतरत नाही. आधी अर्धी भाकरी खायचे, मग चतकोर, ईस्टरपासून तीही नको झाली. खाल्लं नाही की जायला लागत नाही. सोपं आहे."

समोर वाघचौरे एका लुळ्या म्हाताऱ्याला मायेने भरवत होते.

"अशाने मराल तुम्ही," मी म्हणालो.

"काल उठताना डोळ्यांपुढे अंधार आला खरा. मरायचं भ्या नाही मला. पण मेले की हे लोक म्हणतील, राहेलबाई उपासात गेली. पाटी लावतील माझ्या नावाची. त्या खोट्याची मला किळस येते, लेकरा. संडासापेक्षा जास्त येते." त्यांनी माझा हात धरला. "तू कोणाला बोलू नको. सांगायचं तर मी सांगेन. अंगात बळ आलं तर."

शनिवारी सकाळी मी वाघचौऱ्यांकडे नव्या संडासाची किल्ली मागितली. त्यांनी नकार दिला. मी म्हणालो, मग कुलूप तोडतो. तेव्हा तो माणूस दारापुढे जाऊन हात जोडून उभा राहिला.

"साबळे, माझ्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत. नोकरी जाईल माझी. तुम्हाला वाटतं तसं नाही, मी वरती कितीदा विचारलं. वरून सांगतात, समर्पण झाल्याशिवाय हात लावू नका. कशाला अडचणीत आणता? तुम्ही तर रविवारी निघून जाणार."

शेवटचं वाक्य खरं होतं. खरं कारण सांगितलं असतं तर कदाचित ते बाजूला झाले असते, पण माझी जीभ मावशींच्या शब्दात अडकली होती. मी गावात गेलो. ॲसिड, फिनेल, ब्लीचिंग पावडर, खराटा, घासायचे ब्रश आणि बांबूची लांब कामटी घेऊन आलो. विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, रुमाल नाकावर बांधला आणि बायकांचा संडास धुवायला घेतला.

साहसाची गोष्ट म्हणून हे सांगत नाही. हॉटेलातली घाण वेगळी. ती माणसाला लाजते. इथली घाण उघडी, निर्लज्ज पसरलेली होती. कामटी भांड्यात घातली तेव्हा आतून चिंध्या निघाल्या, केसांचे गुंतवळ निघाले, आणि ज्या आवाजाने ते सगळं मोकळं झालं तो आवाज माझ्या पोटातून झाल्यासारखा वाटला. दोनदा बाहेर येऊन ओकलो. पोटात काही नव्हतं, नुसतं हिरवं पाणी पडलं. पिंप उपडं केलं. तो लाल मग मी जाळून टाकला. फरशी घासली, पुन्हा घासली, भिंती कंबरेपर्यंत घासल्या, कारण म्हातारी माणसं तिथे हात टेकतात. भिंतीवर जागोजाग बोटं उमटलेली होती.

मधेच वाघचौरे कॅमेरा घेऊन आले. "असेच थांबा जरा. मिशनच्या मासिकाला पाठवतो. एवढे शिकलेसवरलेले, आणि हे काम! प्रभूने केवढं प्रेम घातलंय तुमच्या अंतःकरणात!"

मी खराटा त्यांच्याकडे रोखला. "प्रेमबिम काही नाही. किळस येते म्हणून धुतोय. फोटो काढलात तर कॅमेरा भांड्यात जाईल."

ते दुखावून गेले. मला अजिबात वाईट वाटलं नाही.

भांडं पांढरं झालं नाही. वर्षांचा पिवळेपणा एका दिवसात जात नाही. पण पाणी ओतलं की ते खाली जात होतं, फरशी कोरडी होती आणि आत उभं राहून मला श्वास घेता येत होता. माझ्या नाकाने ते मान्य केलं म्हणजे झालं होतं. विहिरीवरचा जाड दोर काढून मी खिडकीच्या गजाला बांधला, त्याला गाठी मारल्या. उठता-बसताना धरायला. दाराला कडी बसवली. मग मावशींच्या खोलीपाशी गेलो.

"मावशी, चला."

"कुठे?"

"बघायला."

माझ्या खांद्याला धरून त्या अंगण ओलांडून आल्या. दारात थांबल्या. आत डोकावून हुंगलं. मग आत गेल्या आणि कडी लावली. त्यांना संकोच वाटू नये म्हणून मी दाराकडे पाठ करून जरा दूर उभा राहिलो आणि मोठमोठ्याने उपासनेतलं एक गीत म्हणायला लागलो. माझा गळा भसाडा आहे. व्हरांड्यातले म्हातारे चकित होऊन बघत राहिले. कडवी संपली तेव्हा मी पहिल्यापासून सुरुवात केली.

कडी वाजली. मावशी बाहेर आल्या. नळावर बराच वेळ हात धुतले, पदराला पुसले, आणि उन्हाकडे बघत म्हणाल्या, "भाकरी आहे का रे कुठे?"

स्वयंपाकघरात सकाळची भाकरी होती. मी वरण गरम करायला लावलं. मावशी पाटावर बसल्या, तेवढ्यात वाघचौरे धावत आले.

"मावशी! अहो, सांगता उद्या आहे! पाहुण्यांसमोर पाळकसाहेबांच्या हातून पहिला घास घ्यायचा ठरलाय. नगरहून लोक येणार आहेत. एवढे दिवस काढलेत, एक दिवस थांबा."

मावशींनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात भिजवला. "दौलत, मला आत्ता भूक लागलीय," त्या म्हणाल्या आणि घास तोंडात घातला. उजव्या हाताने. खूप वेळ चावत राहिल्या. वाघचौरे डोक्याला हात लावून उंबऱ्यावर बसले.

रविवारी भोजनगृहातली बाकं काढून खुर्च्या मांडल्या होत्या. लोक खरंच आले होते, शाली घेऊन, आजारी मुलं घेऊन. भोजनगृहाच्या एका बाजूला झाकलेलं ताट ठेवलं होतं. पाळकांनी उपासाच्या सामर्थ्यावर लांबलचक प्रवचन केलं आणि मावशींना साक्ष द्यायला बोलावलं. साक्ष म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. अशा साक्षी मी लहानपणापासून ऐकल्या आहेत. बहुतेकांत माणूस आधी दारू पीत असतो.

मावशी खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या.

"मी उपास केला नाही," त्या म्हणाल्या.

खुर्च्या कुरकुरल्या.

"मी जेवत नव्हते, कारण इथला संडास फार घाण होता. मला तिथे जायची किळस यायची. तुम्ही उपास म्हणालात आणि मी ऐकून घेतलं. ज्यांच्या पोरांना नोकऱ्या लागल्या त्या त्यांच्या हुशारीने लागल्या. काल संडास धुतला गेला. काल मी भाकरी खाल्ली. प्रभूने माझ्यासाठी एवढं केलं."

कोणीही हालेलुया म्हटलं नाही. पहिल्या ओळीतल्या बाईने नाकाला पदर लावला, जणू मावशींनी ती वस्तूच आणून समोर ठेवली होती. संडास शब्द उच्चारल्याची तेवढी शिसारी! तो तसा होता याची कोणालाच नाही! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाळकांनी घाईघाईने गीताचा क्रमांक सांगितला, पेटी सुरू झाली, आणि सगळे उठून सुटल्यासारखे गायला लागले. लोक गेले तेव्हा बऱ्याचजणांनी आणलेल्या शाली परत नेल्या.

वाघचौरे मला अंगणात सापडले. धुतलेल्या संडासापाशी उभे होते, आत तोंड घालून. "इतका वास येत होता का हो?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज लहान झाला होता. मी हो म्हणालो. "आणि मी रोज त्यांना विचारायचो, मावशी, प्रभू काय बोलतोय तुमच्याशी," ते म्हणाले, आणि तिथेच पायरीवर बसले. नंतर त्यांनी आपण होऊन खराटा उचलला आणि पुरुषांच्या संडासाकडे गेले. नव्या संडासांची फीत मात्र पुढचा नाताळ उलटून गेल्यावर कापली गेली.

मी त्या एसटीने गेलो नाही. जहाजही माझ्याशिवाय गेलं. त्यानंतर एवढी वर्षं मी मिशनच्या वसतिगृहांत, दवाखान्यांत, आश्रमांत फिरतो आहे आणि आधी मागच्या अंगणात जातो. हॉटेलात जे शिकलो तेच करतो: बोट फिरवतो, वाकतो, हुंगतो, आणि मग भांडतो. संमेलनात लोक डॉक्टर, शिक्षक, परिचारिका यांना त्यांच्या पाचारणाबद्दल, म्हणजे देवाने मारलेल्या हाकेबद्दल, विचारतात. मला विचारत नाहीत, कारण त्यानंतर चहापाणी असतं.

त्या रविवारी, लोक गेल्यावर, मी मावशींना म्हणालो, "आईने तुमच्याकडून प्रार्थना करून घ्यायला पाठवलं होतं."

"काय मागू तुझ्यासाठी?"

"तुम्हाला वाटेल ते."

मी त्यांच्या खुर्चीपाशी गुडघे टेकले. त्यांनी उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवला. तो हात कुठे गेला होता ते मला माहीत होतं, आणि माझी मान आपोआप आखडली. मावशींना ते कळलं असणार. त्यांनी हात काढला नाही.

मला वाटलं, त्या माझ्यासाठी प्रेम मागतील. सेवेचं मन, नम्रता, सहनशीलता. प्रार्थनेत हेच मागतात, आणि माझ्याकडे यातलं काही नाही हे त्यांनी पाहिलं होतं.

"प्रभू," त्या म्हणाल्या, "मी तुझ्याकडे मागितलं होतं, मला या घाणीची सवय होऊ दे. तू ऐकलं नाहीस, बरं केलंस. आता या लेकरासाठी मागते. याला कधीच सवय होऊ देऊ नको. याची किळस काढून घेऊ नको. मरेपर्यंत ठेव."

त्या थांबल्या. आता मी आमेन म्हणायचं होतं. मला समोर ती सगळी वर्षं दिसली, ती पत्र्याची दारं, ते सगळे लाल मग, आणि त्यांच्यापुढे मी, रोज नव्याने ओकारी येणारा. तोंड उघडेना.

मावशींनी डोक्यावरच्या हाताने मला हलकेच ढोसलं.

"म्हण की रे."

मी आमेन म्हणालो.